भावोजींनी पास केलेली टाकी

आमचे भावोजी वेल्डिंग इन्स्पेक्टर. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर पगारही घ्यायचा. ताईशी लग्न ठरलं तेव्हाच हा माणूस सासुरवाडीत कसा वागणार, याचा अंदाज आम्हाला यायला हवा होता. माझ्या नव्या घराच्या खिडकीला लोखंडी जाळी बसवली, तर चहा पिण्याआधी त्यांनी तिचे दोन जोड नापास केले. चहाही पातळ झालाय म्हणाले.

कारखान्यात ते वेल्डिंग तपासत आणि मी रंग मारत असे. आमच्याकडे लोखंडाच्या टाक्या बनतात. त्यांत पुढे दाबाची हवा भरतात. जोड कच्चा राहिला तर टाकी फुटणार आणि शेजारी उभा असेल त्याच्या चिंधड्या उडणार. त्यामुळे भावोजींनी कधी कुणाची भीड ठेवली नाही. ट्रक दारात उभा करून मालक हातापाया पडला, तरी नापास ते नापास. हातमोजा काढून ते अंगठ्याचं नख जोडावरून सावकाश फिरवत. कडेला जराशी चर असली तरी नख अडायचं. वेल्डर त्यांना 'नखसाहेब' म्हणत, पाठीमागे त्याहून वाईट. मला मात्र त्यांचा अभिमान वाटायचा. तसं कधी बोललो नाही, डोक्यावर बसले असते.

त्या दिवशी त्यांनी पास केलेली टाकी माझ्याकडे आली. फडक्याने पुसताना एका जोडाच्या टोकाला भेग दिसली. केसाएवढी बारीक, बोटभर लांब. आधी वाटलं, फडक्याचाच धागा असेल. फुंकर मारली, हलेना. भावोजींना हाक मारली.

ते आले, वाकले, मी दाखवलं तिथे नख फिरवलं. "चांगलाय की जोड."

"अहो, भेग आहे भेग!"

"रंगाऱ्याने रंग मारावा. मला शिकवू नये."

एवढ्या बारीक भेगेत नख अडत नाही, हे मान्य. पण डोळे? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी बोट तिथून उचलून वीतभर बाजूला, अगदी स्वच्छ जागी टेकवलं. "नीट बघा. ही इथे."

ते टाकीला नाक लागेल इतके वाकले. मग म्हणाले, "हं, दिसली. आहे खरी बारीक."

मी म्हणालो, "भावोजी, तुम्हाला दिसत नाही."

मी कसं ओळखलं, हे त्यांनी विचारलंही नाही. माझ्याकडेच बघत होते, पण नजर माझ्या कानापाशी. "कडेचं दिसतं रे. चालता येतं, माणूस कळतो. बघायला जावं तिथेच नेमका डाग येतो."

"आणि दरवर्षी डोळे तपासतात ते?"

"वाचायचं कार्ड एकच असतं. तुझ्या ताईने पाठ करून घेतलंय."

ताईने! रस्ता ओलांडताना जी अजून माझा हात धरते, त्या माझ्या सख्ख्या बहिणीने! या दोघांच्या पाठांतरावर पास झालेल्या टाक्या कुठे कुठे उभ्या असतील, कोण त्यांना टेकून डबा खात असेल, देव जाणे.

"मी मालकाला सांगतो."

तेव्हा आमच्या नखसाहेबांनी माझं मनगट धरलं. "नको रे. दाबाने पाणी भरून टेस्ट झालीय, टिकलीय टाकी. रंग मार तिच्यावर. ही शेवटची. उद्या मीच काम सोडतो, आजारपणाचं कारण सांगून. असं पकडून हाकलायला लावू नकोस."

मालकाला न जुमानणारा माणूस रंगाऱ्याच्या विनवण्या करत होता. माझा कानांवर विश्वास बसेना.

"मी नाही मारणार!" मी ओरडलो.

"मग मी मारतो."

त्यांनी डब्यातला ब्रश उचलला आणि मी मघाशी दाखवलेल्या त्या स्वच्छ जागेवर रंगाचा पट्टा ओढला. त्यावर दुसरा ओढला. ओघळ आला असेल म्हणून खालून ब्रश फिरवला.

"झालं," ते म्हणाले. "आता नाही दिसायची कुणाला."

भेग वीतभर अंतरावर उघडी होती. मी मालकाला हाक मारली. भावोजी अजून डब्याच्या काठावर ब्रश निपटत होते, काम चोख झाल्यासारखे.