अण्णांची टाकी

प्रियदर्शनीचा माणसांवर राग नव्हता. फक्त कुणी हात न धुता जवळ आलं की तिच्या भुवया वर जात. सोलापुरात, मिलिंदनगरात वाढलेली ही मुलगी पाहुण्याने ओठाला लावलेलं भांडं दोनदा घासायची. आई म्हणे, "हिचं लगीन साबणाशीच लावावं लागतंय." पुढे ती जिवाणूशास्त्र शिकली आणि त्या खोडीला पदवी मिळाली, एवढंच.

मोहोळकडच्या एका साखर कारखान्याने तिला नोकरी दिली. मळीपासून दारू सगळेच गाळतात. हिचे जिवाणू मळीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करणार होते, आणि त्या आम्लाचं पुढे खतात कुजून जाणारं प्लास्टिक होणार होतं. हे आम्ल दोन तऱ्हांचं असतं, डाव्या आणि उजव्या हातमोज्यांसारखं. तिला हवं होतं निव्वळ एकाच हाताचं. त्यासाठी जिवाणूच्या जनुकांत कापाकाप करून तिने दुसऱ्या हाताची वाट कायमची बुजवली होती. तिची ऐन उमेद त्यात गेली होती. आता पुण्याची कंपनी नमुना तपासणार होती. तो नापास झाला की प्रयोगशाळेला कुलूप.

टाकी वाफेने निर्जंतुक झाली, मळी भरली, जिवाणू सोडले, आणि चेअरमन शिवशरणअण्णा पूजेला आले. हळदकुंकू, नारळ, सगळं टाकीच्या बाहेरून, असं ठरलं होतं. प्रियदर्शनी फाटकावर पूजेला बोलावलेल्या गावच्या पाहुण्यांना आणायला गेली. परतली तेव्हा वरचं झाकण ऑपरेटर रामहरीच्या हातात होतं, अगदी आरतीचं ताट धरावं तसं. आणि अण्णा वाटीतलं पंचामृत शेवटच्या थेंबापर्यंत टाकीत ओतत होते.

"अण्णा! हे काय केलंत?"

"निवद दिला की. भाइरनं शिपडून कुणाचं पोट भरतंय व्हय? सारखी मळीच खायची का बिचाऱ्यांनी?"

"दह्यात दुसरे जिवाणू असतात."

"मग पावनं आलं म्हनायचं!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात रामहरीने वाजवल्या.

पाहुणे फुकट जेवून जात नाहीत. दह्यातल्या जिवाणूंनी दोन्ही हातांचं आम्ल केलं, आणि तेही भरपूर. तपासणीत ते उघड दिसत होतं. अण्णांनी मात्र नमुन्यात बोट बुडवून चाखलं.

"लई आंबट! बगा, हातगुन. भरा बाटली पुन्याला."

"ही भेसळ आहे, अण्णा. याचं प्लास्टिक होत नाही."

"आंबट ते आंबट. तुमी शिकल्याली मानसं उगंच फोड करत बसता."

त्या बाटलीवर चिठ्ठी लागणार होती ती प्रियदर्शनीच्या जिवाणूची. पुण्याच्या लोकांना पंचामृत दिसणार नव्हतं. तिच्या जिवाणूला दुसरी वाट विसरता आली नाही, एवढंच दिसणार होतं. ती उठली, टाकीपाशी गेली आणि खालचा कॉक पूर्ण उघडला. तपकिरी, आंबूस पाणी गटाराकडे धावलं. रामहरीने पॅन्ट वर धरली.

"मॅडम! कारखान्याचं नुस्कान करताय तुमी!"

"नुकसान पूजेच्या दिवशीच झालं. आता नुसतं धुऊन निघतंय. बाटली भरायचीच असेल तर गटारातून भरा."

अण्णांनी त्या पाण्यातून पाय मागे घेतला. पाहुण्यांसमोर टाळ्या घेतलेल्या. आता हात हलवत परत कसं जायचं? शेवटी म्हणाले, "भरा पुन्यांदा. पन पूजा हुनारच. बिनपूजेचं यंत्र मी चालू देत न्हाई."

"होऊ द्या की," प्रियदर्शनी इतक्या गोड आवाजात म्हणाली, की रामहरी दचकला.

भंगारात तडा गेलेली एक जुनी टाकी होती. तिने तडा बुजवून ती घासून चकचकीत केली, वर एक दिवा जोडला आणि दर्शनी भागात उभी केली. अण्णांनी भरल्या डोळ्यांनी तिच्यात दही, दूध, मध ओतलं, वरून केळीही कुस्करली. भिंतीपलीकडे, कुलपाआड, खरी टाकी निमूटपणे काम करत होती.

पुण्याहून होकार आला. अण्णा आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी दर्शनी टाकीपुढे नेतात आणि चपला काढायला लावतात. आतलं पंचामृत केव्हाच नासलंय. जवळ गेलं की उग्र भपकारा येतो.

"जिवंत हाय ती," अण्णा छाती भरून वास घेत सांगतात.

आणि प्रियदर्शनी, हात धुऊन, मान डोलावते.