आत्याने चाखलेली पहिली जिन

माझ्या आत्याने एकतीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. चंबू, परीक्षानळ्या, वाफ गार करायची लांब नळी, सगळं तिच्या हातून लख्ख होऊन निघायचं. प्रयोग मुलं करायची, समजवायचे मास्तर. ती फडकं घेऊन दाराशी उभी. कधी काही विचारलंच तर मास्तर म्हणायचे, ते तुमचं काम नाही.

गेल्या महिन्यात मला दोन पास मिळाले. गावाबाहेरच्या जुन्या सूतगिरणीत एका बाईंनी जिन बनवायचा छोटा कारखाना काढलाय, तो बघायचा आणि तिथली जिन चाखायची. नवऱ्याला नेमका ताप आला, म्हणून आत्याला विचारलं. तिने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. म्हणाली, पिणार नाही, पण बघायला येते.

आत तांब्याचं डेऱ्याएवढं भांडं होतं. वर निमुळती मान, पुढे गार पाण्यात बुडवलेली वेटोळी नळी. आत्या थबकलीच. तिने धुतलेल्या काचसामानाचाच हा थोरला भाऊ.

कारखान्याच्या बाई चाळिशीच्या, बाह्या दुमडलेल्या. मद्यार्कात ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं, धणे आणि संत्र्याची साल घालून उकळतात, मग वाफ गार होऊन थेंब पडतात, असं त्या सांगत होत्या. बाकीची मंडळी फोटो काढण्यात दंग. आत्याने मात्र प्रश्नांची सरबत्ती लावली. भांडं तांब्याचंच का? पहिली धार बाजूला का काढता? मी तिचा पदर ओढून पाहिला, पण ऐकेल तर शपथ!

पुढे तीन प्रकारच्या जिनचे तीन पेले आले. न पिणाऱ्या आत्याने ‘नुसती जीभ लावते’ म्हणून पहिला उचलला आणि तोंड कसंनुसं केलं. रंगाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतंय, म्हणाली. दुसरी बरी वाटली. तिसरी संत्र्याची. तिच्यात तिने पाणी ओतलं आणि पेला दुधाळ झाला. शेजारचे गृहस्थ भेसळीबद्दल पुटपुटले. बाईंचा चेहरा उतरला.

आत्या पेला उजेडात धरून बघत राहिली. "शाळेत संत्र्याच्या सालीचं तेल काढायचे, तो चंबू धुताना पाणी असंच पांढरं व्हायचं," ती म्हणाली. "का होतं हो हे?"

बाईंनी नीट सांगितलं. सालीतलं तेल मद्यात विरघळतं, पाणी वाढलं की वेगळं होतं.

"मग या वेळी साल जास्त पडली असेल."

बाईंनी वही उघडली. वजन तेच होतं, पण साल यंदा वेगळ्या बागेतली, जाड. त्यांनी ते वहीत टिपलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी भट्टी लावतोय. येता का, मावशी?"

आत्या गेली. बाईंनी तिला धारेपाशी स्टुलावर बसवलं. सुरुवातीचा उग्र वास सरला की ‘आता’ म्हणायचं, की बाई पुढची चांगली धार वेगळ्या भांड्यात धरणार. एवढंच काम. पहिल्यांदा ती घाईने बोलली, दुसऱ्यांदा उशिरा. तिसऱ्या मंगळवारी दोघी एकदमच "आता" म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

हल्ली मंगळवारी आत्याला फोन लागत नाही. पिण्याचं म्हणाल तर तिची मजल अजून चमचाभरापलीकडे गेलेली नाही. परवा मात्र घरी आली ती एक मूठ लिंबाची पानं मागायला. भट्टीत टाकली तर काय होतं ते बघायचंय, म्हणाली.