सीलबंद संगणक आणि तिसरा नकाशा

ते प्रकरण आठवलं की माझा चहा थंड होतो, कारण आधी मी मनसोक्त चिडून घेते.

रायपुरात तेव्हा मी पोलीस निरीक्षक होते. बांधकाम परवानगीच्या कार्यालयातून खबर आली. तेलीबांध्याकडच्या दोन इमारतींच्या नकाशांवर एका इंजिनिअर मुलीची डिजिटल सही होती आणि खांबांचा हिशेब तद्दन खोटा होता. समता कॉलोनीतल्या तिच्या ऑफिसातून मी तिला चौकशीला आणलं. तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. ते ठाण्याच्या व्हरांड्यात बसून राहिले.

"मॅडम, हे नकाशे मी पाहिले पण नाही."

"मग सही तुझी काहून?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं!"

खोटं बोलणारा माणूस मला वासावरून कळतो, असा तेव्हा माझा समज होता. हल्ली नातू खिशात लाडू लपवतो, तोही कळत नाही.

रीतसर पंचनामा करून मी तिचा संगणक जप्त केला आणि मॉनिटरवर लाखेचं सील ठोकलं. मॉनिटरवर! हवालदार हळूच म्हणाला, "मॅडम, असली डब्बा तो नीचे है." मग डब्यालाही ठोकलं.

मुलगी काकुळतीला आली. "मॅडम, माझी सही रद्द करू द्या. एक अर्ज द्यावा लागते, बस."

"पुराव्याला हात लावायचा नाही," मी ठणकावलं. अटकेचे कागद तयार होते. अटक झाली की तिचा परवाना जाणार, आणि पुढे कुणी तिला काम देणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी ती समोर जबाब देत असताना कार्यालयाचा फोन आला. तिसरा नकाशा दाखल झाला होता आणि त्यावर तिची सही नुकतीच उमटली होती.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, मोबाइल माझ्या खणात आणि संगणक जप्तीच्या मालखान्यात.

"मॅडम," हवालदार म्हणाला, "अब किसको सील करें?"

सायबर शाखेच्या अधिकाऱ्यानं मग उलगडा केला. अशी सही एका गुप्त किल्लीनं होते. ती पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये बंद असायला हवी. हिची किल्ली साधी फाईल होऊन डेस्कटॉपवर पडलेली, आणि पासवर्ड त्या फाईलच्या नावातच! प्लॉटचा नकाशा म्हणून मेलवर आलेलं काहीतरी तिनं उघडलं, त्यातून चोर प्रोग्राम आत शिरला. असे प्रोग्राम किल्ल्यांच्या फाइली हुंगतच फिरतात. त्यानं नक्कल काढून आपल्या चोर मालकाकडे धाडली.

"काय गं," मी खेकसले, "घराची चावी दारालाच लटकवतेस का?"

"टोकन नेहमी साइटवर विसरून जाते न, मॅडम, म्हणून फाईल ठेवली."

तिसरा नकाशा कुठून दाखल झाला, हे शोधत आम्ही चौबे कॉलोनीतल्या एका परवानगी-दलालापर्यंत पोचलो. त्याच्या लॅपटॉपवर कितीतरी इंजिनिअरांच्या किल्ल्या निघाल्या. त्यांतल्या एकानंही तक्रार केलेली नव्हती. करणार कशी? प्रत्येकाची फाईल जागच्या जागी होती. घरफोडीत निदान कपाट तरी रिकामं दिसतं! जन्मभर मी गेलेली वस्तू शोधत आले. इथे काही गेलंच नव्हतं, म्हणून जप्ती करून काही बंद होत नव्हतं. किल्ली त्याच क्षणी रद्द करायला हवी होती, आणि ती पोट्टी पहिल्या दिवसापासून तेवढंच मागत होती.

दोन्ही बांधकामं थांबली. अटकेचे कागद मी फाडले. वरिष्ठ स्वतः ठाण्यात येऊन म्हणाले, "सही मुद्दाम चालू ठेवून काय सापळा लावलात, बाई!"

"होय, साहेब," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वडिलांना घेऊन निघालेली ती मुलगी दारात थबकली.

"मॅडम, त्या सापळ्यात तर मी बसून होती न."