तासिका तत्त्वावरच्या विज्दानबाई

जॉर्डनमधल्या इरबिद शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात विज्दान उबैदात सोळा वर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना इंग्रजी शिकवत होती. नोकरी तासिका तत्त्वावर, तासाला आठ दिनार. तास बुडाला की आठ दिनार बुडाले. सुट्टी लागली, बुडाले. परीक्षा लागल्या, बुडाले. एका जानेवारीत बर्फ पडलं, सगळं गाव गच्चीवर जाऊन नाचलं, आणि विज्दान एकटी खिडकीत बसून आभाळाला शिव्या घालत होती. चार तासांचं बर्फ होतं ते.

बाई रडकी मात्र अजिबात नव्हती. उलट तिला भलत्या वेळी हसू फुटायचं आणि एकदा फुटलं की आवरायचं नाही. मयताला गेली तरी बहिणी तिला दाराशी बसवत.

तर एका सकाळी डॅरन नावाचा नवा इंग्रज मास्तर तिच्या टेबलाशी आला. पोरगं चोवीस वर्षांचं, उन्हानं नाक सोललेलं.

"विज्दान, एक विचारू? हसू नका. ‘मी जेवलोय’ आणि ‘मी काल जेवलो’, यात फरक काय? मी बोलतो बरोबर, पण का ते मला माहीत नाही. आणि दहा वाजता मला तेच शिकवायचंय."

"सोपं आहे," विज्दान म्हणाली. "ताटभर मटणाचा मन्सफ जेवलोय म्हणजे पोट अजून तट्ट आहे, आणखी वाढू नका. काल जेवलो म्हणजे ते कधीच जिरलं, आज पुन्हा वाढा."

डॅरनचा चेहरा उजळला. "चार आठवड्यांच्या कोर्सात हे कुणी सांगितलंच नाही!"

"कसला कोर्स?"

"इंग्रजी शिकवण्याचा. त्याच्यावरच तर ही नोकरी मिळाली. माझी पदवी भूगोलाची आहे."

"आणि पगार? सांगायचा नसेल तर राहू दे."

"अकराशे दिनार. वर राहायला फ्लॅट. आणि विमानाचं तिकीट." पोरगं प्रामाणिक होतं, सांगताना लाल झालं. "खरं तर चार आठवडेही नाहीत. मधे मला ताप आला होता."

विज्दानच्या नाकातून चहा आला. ती इतकी हसली की बाजूच्या खोलीतून माणसं डोकावली. हसता हसताच ती उठली आणि थेट नेमणुकांच्या कचेरीत गेली.

तिथल्या कारकुनानं नियम काढून दाखवला. "मिस, परदेशी लोकांचा नियम वेगळा. आपल्या लोकांना कायम व्हायचं तर एम.ए. पाहिजे. तुमची बी.ए."

"आणि सोळा वर्षांचा अनुभव?"

त्यानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. "त्याला रकाना नाही."

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "अबू लैस, मी कॉलेजात जातेय."

नवऱ्याचं नाव ग़ालिब, पण लेकाच्या नावावरून ती त्याला अबू लैस, म्हणजे लैसचा बाप, म्हणे. त्याची जैतुनाच्या रोपांची नर्सरी होती. तो हात धूत म्हणाला, "रोजच जातेस की."

"शिकवायला नाही. शिकायला."

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी?" त्यानं क्षणभर विचार केला. "जा बाई. पण डबा मी नाही करणार."

गावातल्या सरकारी विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. हीच परीक्षा द्यायला विज्दाननं शेकडो पोरं तयार केली होती. ती परीक्षेच्या खोलीत शिरली तर समोर तिचेच अकरा विद्यार्थी! सगळे ताडकन उभे राहिले.

"मिस, आमच्यावर पहारा करायला आलात ना?"

"नाही रे, तुमच्या शेजारी बसायला आले."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग मिस, जरा तिरक्या बसा, आम्हाला दिसेल अशा." खोलीभर खसखस पिकली. विज्दानचं हसू तर हेडफोन कानाला लावला तरी थांबेना.

वाचनात, लेखनात तिला भरघोस मार्क पडले. बोलण्यात मात्र कापले गेले. सवयीनं ती प्रत्येक वाक्य सावकाश आणि दोन दोनदा बोलली होती. तरी प्रवेश मिळाला.

प्रबंधाला तिनं विषय घेतला तो इवलासा. इंग्रजीतला ‘द’. आपली पोरं तो नको तिथे घालतात आणि हवा तिथे गिळतात, ते का? त्यासाठी तीनशे निबंधांतले ‘द’ मोजायचे होते. बाई सकाळी शिकवायची, दुपारी शिकायची. मग मोजायचं कुणी? ग़ालिबनं. त्याला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं. विज्दाननं ती तीन अक्षरं पुठ्ठ्यावर मोठी काढून दिली, आणि तो रोपांच्या पिशव्यांमध्ये बसून तांबड्या पेन्सिलीनं गोल करू लागला. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, "थांब, या पोराचे सतराच झालेत."

अडीच वर्षांनी प्रबंध झाला. तोंडी परीक्षेची तारीख लागली आणि बाहेरच्या परीक्षकाचं नाव कळलं, तेव्हा विज्दाननं ते मोठ्यानं दोनदा वाचलं. डॉक्टर मुअतसिम बताइना.

"ओळखीचा आहे?" ग़ालिबनं विचारलं.

"सतरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. मी त्याला नापास केलं."

"कितीनं?"

"दोन मार्कांनी."

"अगं दोन मार्कांनी! दिले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"कसे देऊ? अख्ख्या निबंधात एक ‘द’ नव्हता!"

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, घरची माणसं येतात. पण विज्दानच्या घरून बावीस बायका आल्या. सगळ्यांत पुढे तिची आई, हज्जा फंदिया, कशिदा काढलेला काळा झगा घालून. मागे पाकातल्या कुनाफा मिठाईची परात आणि कॉफीचे तीन थर्मास. निकाल लागला की हुलूहुलू करायचं, असं हज्जाला बजावलं होतं. पण हज्जा कानानं अधू, आणि परीक्षा इंग्रजीत. विज्दान श्वास घ्यायला थांबली की हज्जाला वाटे, लागला निकाल! ती जीभ वळवून अशी ललकारी काढी की बावीसच्या बावीस बायका साथ देत.

"कृपा करून शांतता!" अध्यक्ष तिसऱ्यांदा म्हणाले.

मग मुअतसिमनं चष्मा सावरला. खोलीत गंभीरपणा आला. "पान चौसष्ट. ही मोजणी कुणी केली?"

मागून ग़ालिब उठला. अरबीत अनुवाद कुणी केला देव जाणे. "मी केली!"

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"एकच शब्द येतो, डॉक्टर. पण तो पक्का."

खोलीत हशा फुटला. अध्यक्षांनी तोंडासमोर प्रबंध धरला, पण खांदे हलत होते. विज्दाननं ओठ चावून धरले. आता हसले तर अडीच वर्षं पाण्यात.

मुअतसिम हसला नाही. "बाई, भाषा न येणाऱ्या माणसाची मोजणी मी खरी कशी मानू?"

आणि विज्दानला उत्तर सुचलं ते त्याच क्षणी. "म्हणूनच माना. भाषा येणारा माणूस वाचताना गळालेला ‘द’ मनातच भरून घेतो आणि पुढे जातो. माझ्या नवऱ्याला फक्त कागदावर आहे तेच दिसतं. मी पन्नास निबंध स्वतः मोजून पाहिले. चुका माझ्याच निघाल्या."

मुअतसिमनं प्रबंध मिटला. "मी तुमचा विद्यार्थी होतो."

"आठवतंय."

"माझ्या निबंधात किती होते?"

"एकही नव्हता, बाळा."

आता मात्र मुअतसिमनं चष्मा काढला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. शेवटी त्यानं दुरुस्त्यांचा कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती. पान तीन, आभाराचा मजकूर, ओळ सात: इथे ‘द’ राहिला आहे.

विज्दाननं पान उघडलं. राहिला होता! ती किंचाळलीच, आणि ते ऐकून हज्जानं जो आवाज लावला तो या वेळी बरोबर बसला. ती पास झाली होती. कुनाफ्याचा पाक परीक्षकांच्या काळ्या झग्यांवर सांडला. हज्जानं मुअतसिमच्या हातावर सगळ्यांत मोठा तुकडा ठेवून सांगितलं, "पोरा, माझ्या लेकीनं तुला रोखलं म्हणूनच तू डॉक्टर झालास. खा."

सप्टेंबरात तिच्या कायम नोकरीचा कागद आला. सातशे चाळीस दिनार, बारा महिने, सुट्ट्यांसकट. नोकरीत तिचं आधीचं एकही वर्ष धरलं नव्हतं.

"एवढी वर्षं कुठे गेली?" तिनं कारकुनाला विचारलं.

"तासावरची धरत नाहीत, मिस."

डॅरन तोवर मस्कतला गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीला बाराशे होते. विज्दानला हे ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात ती त्यावर डीनशी भांडणारही होती. पण त्या सकाळी तिनं सही केली आणि पायऱ्या उतरून पळत बाहेर आली. फाटकाशी ग़ालिब पिकअप घेऊन थांबला होता, मागे रोपांची गर्दी.

"किती?"

तिनं आकडा सांगितला. ग़ालिबनं हॉर्नवर तळहात ठेवला आणि वरातीच्या तालात वाजवत निघाला. मागची गाडी वाजवू लागली, मग तिच्या मागची. चौकापर्यंत पंधरा-वीस गाड्या झाल्या. कुणाचं लग्न ते कुणालाच माहीत नाही. सिग्नलला एका टॅक्सीवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"मुबारक हो! नवरी कुठाय?"

ग़ालिबनं शेजारी बोट दाखवलं. विज्दान हसून हसून सीटवरून घसरली होती. खिडकीतून तिचा नुसता हात दिसत होता, टाटा करणारा.