छडी मीच आणायची

"जा, छडी आण."

मामा असं म्हणाला की छडी मीच आणायची. संगमनेरच्या त्याच्या बंगल्यात दाराआड खिळ्याला ती टांगलेली असायची. तेव्हा मी नऊ वर्षांची. दुधाचं पातेलं लवंडलं होतं माझ्या हातून. बैठकीत पाहुणे चहा पीत होते. त्यांच्यासमोर हात पुढे. पाच छड्या. मग मामाने पाय पुढे केला. मार खाल्ला की पाया पडायचं, हा त्या घरचा नियम. एक पाहुणा म्हणाला, "वळण चांगलं लावलंय."

मामा बागायतदार. आमच्याकडे गुंठाभर जमीन नाही. शाळेसाठी आईने मला तिथं ठेवलं. सुजलेले हात दाखवले तर म्हणाली, "त्यांचं खातीस न्हवं? मग सोसायचं." सात वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

लग्न होऊन राहात्याला आले. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडून दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, कोपऱ्यातली काठी आणली, त्याच्या हातात दिली आणि हात पुढे केला. कुणी सांगितलं नव्हतं. तो काठीकडे बघत राहिला. मग मटकन खाली बसला आणि हमसून रडला. त्याच्या पाठीवरचे वण तो सांगायचा तसे अपघाताचे नव्हते. बापाच्या पट्ट्याचे होते. ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या घरात पट्टा नाही. तो पॅन्ट कमरेच्या मापात शिवून घेतो. त्याच्या मागून जाताना मी आधी बोलते, नाहीतर तो दचकून डोकं झाकतो. माझ्या हातून काही सांडलं की तो आधी "असू दे" म्हणतो, मग फडकं आणतो. सगळं सुरळीत चाललंय असं नाही. कधी दोघंही एकाच दिवशी बिथरतो, मग कुणी कुणाला सावरायचं? दोन दोन दिवस अबोला असतो. अजूनही.

गेल्या वर्षी मामाची एकसष्टी झाली. आईने गळ घातली म्हणून गेलो. मामा हार घालून खुर्चीवर बसलेला. मामी म्हणाली, "जोडीनं पाया पडा." आणि माझी कंबर वाकायला लागली. लाज वाटते सांगायला, पण लागली. तेवढ्यात मामीने माझ्या सहा वर्षांच्या मुलीची मान धरून खाली दाबली.

मी मामीचा हात झटकला. नवरा मागे होता. आधी बोलला, मगच जवळ आला. "मी हाय हितं. बोल तू."

"मामा, तुमच्या घरात छडी खाल्ल्यावर पाया पडायचे मी. आता छडी बी न्हाई खानार, पाया बी न्हाई पडनार."

मामा पाहुण्यांकडे बघून हसला. "दोन फटके दिले आस्तील. म्हनून तर शिकली."

"शिकले माझ्या डोक्यानं. छडीनं फकस्त हात पुढं करायला शिकले."

तिघंही न जेवता निघालो.

आई तेव्हापासून बोलत नाही. तिचं माहेर मी तोडलं म्हणते. मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण माफी मागायला जाणार नाही. मी अंगणवाडीत सेविका आहे. पोरांच्या आया त्यांना सोडताना म्हणतात, "मारा बाई, वळन लागू द्या." त्यांना मी माझी गोष्ट सांगते, मामाचं नाव घेऊन सांगते. सांगत राहणार. आणि माझ्या मुलीच्या मानेवर पुन्हा हात पडला, तर तो माझ्या आईचा असला तरी झटकणार.