खाजाभाईंचा एक जून

ऑर्केस्ट्रा गुलदस्तामध्ये गाणारे बदलले, वाजवणारे बदलले, पण माईक राहिला तो खाजाभाईंच्याच हातात. खाजाभाई शेख म्हणजे ऑर्केस्ट्राचे निवेदक. गायिका पाणी पीत असते, ढोलकीवाला ढोलकी आवळत असतो, तेवढ्या वेळात लोकांना खुर्चीवरून उठू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. एरवी दिवसभर ते पोराच्या, आतिफच्या, मोबाइल कव्हरच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले असत आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. गिऱ्हाईक जे विचारायचं ते आतिफला. मात्र संध्याकाळी तो मरून रंगाचा कोट अंगात चढला, की सोलापुरात काय, मोहोळात काय, माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. माणसाला याहून जास्त काय लागतं, असं खाजाभाईंना मनापासून वाटे.

हा सगळा कारभार चालायचा एका वाक्यावर. गाणं कुठलंही असो, गाव कुठलंही असो, खाजाभाई आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "रसिकहो, आजच्याच दिवशी हे गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं."

याची सुरुवात मोहोळच्या एका गणपती मंडळात झाली. गायिकेची एसटी वाटेत बंद पडलेली, कार्यकर्ते दातओठ खात उभे, आणि खाजाभाईंच्या खिशातली शायरी संपलेली. काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी पुढच्या गाण्याचा आज वाढदिवस आहे असं ठोकून दिलं. उठलेली माणसं परत बसली. वाढदिवसाला आलेला माणूस असा मधेच कसा उठणार? तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यात झाडून सगळी गाणी कार्यक्रमाच्या तारखेलाच जन्माला येऊ लागली.

थापा मारायचेही नियम असतात आणि खाजाभाई ते कसोशीने पाळत. मोठ्या गायकांची, संगीतकारांची नावं घ्यायची नाहीत, कारण त्यांचे चाहते असतात आणि चाहते चुका काढतात. गोष्ट सांगायची ती मागे बसणाऱ्यांची. त्यांच्या गोष्टीतला बासरीवाला तापाने फणफणलेला असायचा, तरी वाजवायचा. ढोलकीवाल्याची आई त्याच दिवशी सकाळी वारलेली असायची आणि तो स्मशानातून थेट स्टुडिओत यायचा. या ढोलकीवाल्याला बायकांमधून हमखास हुंदका मिळे. खुद्द खाजाभाईंचेही डोळे भरून येत आणि त्यात नाटक नसे. त्या ढोलकीवाल्यावर त्यांचा खरोखर जीव जडला होता.

हाच ढोलकीवाला शेवटी त्यांच्या मुळावर आला. राजशेखर नावाचे एक निवृत्त लेखापरीक्षक होते, सगळे त्यांना साहेबच म्हणत. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना हिंदी-मराठी गाण्यांच्या तारखांचं वेड लागलं होतं. त्यांनी मोहोळला गणपतीत खाजाभाईंना ऐकलं, मग थंडीत माळशिरसला एका लग्नात ऐकलं. गाणं तेच, ढोलकीवाला तोच, आणि आई दोन्ही वेळा त्याच दिवशी सकाळी गेलेली. साहेबांनी दोन्ही वेळचं मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग ऑर्केस्ट्राच्या मालकाला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'एकाच बाईचे निधन दोनदा कसे, याचा खुलासा व्हावा.'

मालक रेवणप्पा, अक्कलकोटकडचा, स्वतः कीबोर्ड वाजवायचा. तो आधी पोट धरून हसला. मग नंबर कुणाचा आहे ते त्याने पाहिलं आणि त्याचं हसू तिथंच विरलं. राजशेखरसाहेब एक जून मंडळाचे सचिव होते, आणि मंडळाची यंदाची संगीत संध्या गुलदस्ताकडे आली होती.

एक जून मंडळ म्हणजे त्या तारखेला वाढदिवस असलेल्या निवृत्त नोकरदारांचं मंडळ. असे लोक आपल्याकडे किती, ते काही सांगायला नको. बापाने पोराला शाळेत नेलं, जन्मतारीख विचारल्यावर बाप छपराकडे बघू लागला, हेडमास्तरांनी एक जून लिहून टाकली, झालं. गंमत अशी, की मंडळातल्या प्रत्येकाला हे बाकीच्यांच्या बाबतीत मान्य होतं. 'त्यांची मास्तरांनी लिहिलेली आहे, आपली मात्र खरी,' असं जो तो खासगीत सांगायचा. राजशेखरसाहेब तर चारचौघांत सांगायचे.

साहेबांनी अट घातली. कार्यक्रमाचं नाव 'संगीतातला एक जून'. जे गाणं, जी तबकडी, जो कलावंत खरोखर त्या तारखेचा, तेवढ्याबद्दलच बोलायचं, आणि पुरावा असेल तरच बोलायचं. ते स्वतः पहिल्या रांगेत बसणार होते. रेवणप्पाने खाजाभाईंना बोलावून मोबाइलमधल्या एका यांत्रिक बाईचा आवाज ऐकवला. लिहून दिलेलं काहीही ती न अडखळता वाचत होती.

"चाचा, तिथं एक जरी थाप निघाली, तर पुढच्या कार्यक्रमापासनं ही बोलणार," रेवणप्पा म्हणाला. "हिला कोट लागत न्हाई आन् हिची कुणी तक्रार करत न्हाई."

खाजाभाई घरी आले आणि न जेवता पडून राहिले. माईक गेला तर उरणार ते स्टूल, आणि शेजारी टांगलेली कव्हरं. मग त्यांनी ठरवलं, खरं तर खरं. सगळी दुनिया बोलते, आपण एक संध्याकाळ बोलू.

आतिफने मोबाइलवरून त्यांना एक जूनची माहिती काढून दिली. कुठल्या तरी विलायती बँडची तबकडी गाजली होती, कुणी सनईवाले वारले होते, कुठल्या तरी कंपनीने कॅसेटची किंमत उतरवली होती. खाजाभाई कोट घालून घरातच तालीम करू लागले. समोर त्यांच्या पत्नी गुलबानो मेथी निवडत होत्या. कॅसेटच्या किमतीपर्यंत पोचेस्तोवर त्यांची मान छातीवर आली. खाजाभाईंनी हाक मारल्यावर त्या दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "सच्ची बात है ना, तो नींद कायकु आरी?"

एक जूनला विजापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात सगळं मंडळ जमलं. कुलर घरघरत होते, पण हवा तव्यावरचीच होती. सगळ्यांच्या खांद्यावर वाढदिवसाची शाल टाकलेली, त्यामुळे माणसं आणखी उकडत होती. खाजाभाईंनी माईक हातात घेतला आणि खरं बोलायला सुरुवात केली. विलायती बँड झाला. सनईवाले झाले. पहिल्या रांगेत राजशेखरसाहेब प्रत्येक वाक्याला मान हलवून पसंती देत होते. दुसऱ्या रांगेपासून मागे जांभया सुरू झाल्या होत्या. कॅसेटच्या किमतीवर एक जण उठला, मग त्याच्या मागे त्याची बायको उठली, आणि जेवणाच्या मांडवातून भजी तळल्याचा वास आल्यावर तर उजवीकडची अख्खी रांग हलू लागली. कीबोर्डमागून रेवणप्पा डोळे वटारत होता.

खाजाभाईंना घाम फुटला. थाप मारावी तर माईक जाणार, खरं बोलावं तर माणसं जाणार, आणि माणसं गेल्यावर माईक घेऊन करायचं काय? त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला.

मग ते अगदी सरळ बोलू लागले. म्हणाले, मला आज फक्त खरं बोलायला सांगितलंय, म्हणून स्वतःपासून सुरुवात करतो. माझ्या आधारकार्डावर एक जानेवारी आहे. दर वर्षी सगळी दुनिया माझ्या वाढदिवसाला फटाके उडवते. ती तारीख आधारवाल्या पोराने टाकली. माझी अम्मा सांगायची, की मी झालो तेव्हा होटगीला मोहरमचे ताशे वाजत होते आणि सुईणीला माझं रडणं ऐकूच आलं नाही. आता ज्यांची एक जून मास्तरांनी लिहिली असेल, त्यांनी हात वर करावा.

एकही हात वर झाला नाही. उठलेली माणसं मात्र थबकली. शेजाऱ्याचा हात वर होतो का, ते जो तो बघत होता.

खाजाभाईंनी प्रश्न बदलला. बरं, आई काय सांगायची तेवढं तरी बोला, म्हणाले. मग मधल्या रांगेतून बजाबाई उठल्या. मोहोळ तालुक्यातल्या निवृत्त नर्सबाई, गावोगावच्या पोरांच्या जन्मवेळा ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या.

"माजी आय म्हनायची, तू झालीस तवा शिवारात हुरडा चालला व्हता," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता स्वतःच थांबल्या. "आता जूनमदी हुरडा कुटनं आला?"

हॉल फुटला. माणसं गुडघ्यावर थापा मारून हसू लागली. ज्यांच्या नोकऱ्या, बढत्या, पेन्शन सगळं त्या एका तारखेवर उभं होतं, ती माणसं शाळकरी पोरांसारखी हात वर करू लागली. कुणाची आई संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याजवळच कळा देऊ लागली होती. कुणी पोळ्याला, बैल ओवाळायच्या ताटापाशी जन्मलं होतं. एका हेडमास्तरांनी तर कबूल केलं, की त्यांनी पुढे स्वतः निम्म्या गावाला एक जून वाटली होती. खाजाभाई प्रत्येकाला त्या त्या हंगामातलं गाणं काढून देत होते, हे हुरड्याच्या दिवसांतलं, हे जत्रेतलं, आणि गायिका नाजनीन दम न घेता गात होती. पुरावा कुणी मागितला नाही. ढोलकीवाल्याच्या आईला मात्र त्या संध्याकाळी खाजाभाईंनी जिवंत ठेवलं, एवढी शिस्त त्यांनी पाळली. भजी थंडगार झाली तरी कुणी उठेना. बजाबाई खुर्चीवरून उठून नाचल्या आणि गुडघा धरून परत बसल्या.

हसले नाहीत ते फक्त राजशेखरसाहेब. ते मांडीवर हात ठेवून ताठ बसून होते आणि खाजाभाईंच्या ते लक्षात आलं होतं. कार्यक्रम संपल्यावर खाजाभाई स्टेजमागे कोट काढून पंख्यासमोर उभे होते, तेवढ्यात साहेब आलेच. आता रेवणप्पाला बोलावतील आणि आपला निकाल लावतील, अशी खाजाभाईंची खात्री झाली.

साहेब स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर बसले. मग म्हणाले, की इथे प्रत्येकाच्या आईने काही ना काही सांगून ठेवलेलं आहे. त्यांची स्वतःची आई ते रांगत असतानाच गेली. वडील फारसं बोलत नसत. कुठला महिना, पाऊस होता की थंडी होती, त्यांना कुणी काही सांगितलंच नाही.

"तुम्ही सगळ्यांच्या एक जून काढून घेतल्यात आणि त्यांना दुसरं काहीतरी दिलंत," साहेब म्हणाले. "माझ्याकडं तेवढी एकच होती."

खाजाभाईंना फार वाईट वाटलं. आयुष्यभर थापा मारताना कधी वाटली नव्हती एवढी लाज त्यांना खरं बोलल्याची वाटली. साहेब मान वर करून त्यांच्याकडे बघत होते, पुरावे तपासणाऱ्या माणसाचे डोळे नव्हते ते.

"खाजाभाई, खरं सांगा. माझी तारीख खरी असेल का?"

खाजाभाईंनी कोट परत अंगात घातला, बटणं लावली आणि आवाज खाली आणला.

"साहेब, एवढी सगळी मानसं एक जूनला जन्मलो म्हनत्यात. त्यात एक तरी खरा पायजेच की. ते तुमी."

"कशावरून?" साहेबांनी लगेच विचारलं.

"हॉलमदी सगळ्यांनी हात वर केले, सगळे बोलले. तुमी एकटेच गप बसला. ज्याची तारीख खरी, त्येला बोलायला हाय काय?"

साहेबांनी यावर नीट विचार केला. कागद उलटून पाहावा तसं त्यांनी ते वाक्य मनात दोन्ही बाजूंनी तपासलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते उठले, शाल खांद्यावर नीट केली, पुढच्या वर्षीही माईक तुमच्याकडेच, रेवणप्पाला मी सांगतो, असं म्हणाले आणि निघाले. दारापर्यंत गेल्यावर मात्र काही आठवल्यासारखे परत आले आणि खाजाभाईंच्या कानाशी वाकले.

"हे बाकीच्यांना सांगू नका," ते म्हणाले. "त्यांना वाईट वाटेल."