मामाजींची जीप आणि माझे डोळे

मला लहानपणापासून कमी दिसतं. आंधळी नाही हं, कमी दिसतं. हा फरक लोकांना समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस आला. समोर ताट ठेवलं तर भाजी कोणती ते सांगीन, पण अंगणापलीकडे जे हलतंय तो माणूस आहे की वाळत घातलेला सदरा, ते मला कळत नाही. चष्मा जाड, नाकावर दोन खड्डे पाडणारा. पांढुर्ण्याहून वडील मला नागपूरला घेऊन गेले होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की डोळ्याचा पडदाच कमजोर आहे, चष्म्यानं याहून जास्त दिसणार नाही.

लग्न ठरताना वडिलांनी हे सगळं सौंसरच्या पाहुण्यांपुढे मांडलं होतं. लपवाछपवी नाही. पाहुणे म्हणाले, चष्मा आहे ना, मग झालं. आणि चहा पिऊन तारीख काढायला बसले.

सासर सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बगीच्याला लागून. तिथं गेल्यावर माझं कमी दिसणं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, कारण मी कामाला वाघ होते. तोडलेल्या संत्र्यांच्या ढिगाशी बसून लहान, मध्यम, मोठं असं निवडायचं काम असायचं. बाकीच्या बाया डोळ्यांनी निवडायच्या, मी हातानं. फळ हातात आलं की आकार कळतो, सुटलेली साल कळते, देठाशी मऊ पडलं असेल तर अंगठा टेकताच कळतं. माझा ढीग सगळ्यांच्या आधी संपायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या की आमच्या सुनेले तर सारंच दिसते. आत्याबाई, हे दिसणं नव्हे, असं मी सासूबाईंना दोनचारदा म्हणून पाहिलं. ऐकतं कोण! आणि ऐकायला गोडही वाटायचं ते. शाळेत मला आंधळी म्हणून कोणी खेळात घेत नसे, आणि इथं माझ्या नजरेचं कौतुक चाललं होतं.

जीप आली ती त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती लिलावात घेतली. तरुणपणी त्यांनी ट्रक चालवला होता, त्यामुळे गाडी म्हटलं की त्यांना तरतरी यायची. एक हंगाम त्यांनी स्वतः पांढुर्ण्याच्या मंडीत माल नेला. मग एकदा बांधावरून पाय घसरून पडले आणि डावा गुडघा असा बिघडला की क्लच दाबणं कायमचं बंद. माझे यजमान छिंदवाड्याला नोकरीला, रविवारी घरी यायचे, आणि गाडी शिकण्याचं नाव काढलं की त्यांच्या अंगात ताप भरायचा. पगारी ड्रायव्हर मामाजींना नको होता, गाडीची वाट लावतात म्हणे. एका दुपारी जेवता जेवता त्यांनी जाहीर करून टाकलं की गाडी सूनबाई शिकेल.

मी वाढत होते, पळी हातातच राहिली. मी आत जाऊन सासूबाईंना म्हटलं, मला दूरचं दिसत नाही, तुम्हीच सांगा त्यांना. तर सासूबाई माझ्यावरच उखडल्या.

"संत्र्यावरचा डाग दिसते तुले, मंग एवढा मोठा रस्ता काहून नाई दिसन?"

पण खरं सांगते, मी फार भांडले नाही. मला शिकायचंच होतं. सौंसरच्या स्टँडवर उभं राहायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. बसची पाटी वाचता येत नाही, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटायचं, भाऊ ही पांढुर्ण्याची का, भाऊ ही पांढुर्ण्याची का. एकदा तर नागपूरच्या बसमध्ये जाऊन बसले आणि लोधीखेड्याला कंडक्टरनं सगळ्यांदेखत उतरवलं. स्वतःची गाडी काढावी आणि कुणालाही न विचारता आईकडे जाऊन यावं, एवढीच माझी हाव होती. त्यासाठी मी वाघावरही बसले असते.

शिकवणीची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी होती. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्याच्याशी बोलायचं नाही, सासराही सुनेशी थेट बोलायचा नाही. म्हणून मी स्टेअरिंगवर, मामाजी शेजारच्या सीटवर, आणि सासूबाई मागच्या बाकावरून आम्हा दोघांच्या मधे डोकं घालून. मामाजी त्यांना म्हणायचे, तिले क्लच दाबाले सांग. सासूबाई मला म्हणायच्या, क्लच दाब म्हणते. तोवर जीप दचके खाऊन बंद पडलेली असायची. असं काही दिवस चाललं. शेवटी गाडी विहिरीच्या कठड्याकडे निघाली तेव्हा मामाजी स्वतःच ओरडले, "सूनबाई, दाब!" आणि लग्नापासूनचा आमचा अबोला त्या दिवशी संपला. मला दिसत नाही ते पदरामुळे, असाही शोध सासूबाईंनी लावला, आणि आपल्या हातानं माझा पदर मागे घेऊन खांद्याशी पिन मारून दिली. पदर गेला, वारा लागला, बरं वाटलं. दिसणं होतं तेवढंच राहिलं.

पण गंमत अशी की बगीच्यात मी गाडी झकास चालवायला लागले. संत्र्याच्या खोडांना बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचा लेप देतात, कमरेएवढा. त्या वर्षीचा लेप दिवाळीनंतर दिलेला, वाळून पांढरा पडला होता. मला झाडं दिसत नव्हती, फांद्या दिसत नव्हत्या, पण दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसायची आणि त्या दोन रांगांच्या मधून मी जीप सरळ काढायची. टोकाला वळवून परत आणायची. मामाजी खूश. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की इचा हात पाहा, ड्रायव्हरच्या पोटी जन्मली असन.

मग रस्त्यावर आलो. तिथंही माझं नशीब आडवं आलं नाही, कारण रस्त्याकडेच्या कडुलिंबांना आणि आंब्यांना बांधकामवाल्यांनी खाली चुना आणि वर गेरूचा पट्टा मारलेला. डावीकडची ती पांढरी-तांबडी रांग धरून ठेवली की रस्ता आपोआप पायाखाली यायचा. बैलगाडी घुंगरांवरून कळायची, बस आवाजावरून. सकाळी वाहतूक कमी असताना मामाजी मला न्यायचे. माझ्या मनात भीती होती, नाही असं नाही. पण आजूबाजूचे सगळेच म्हणत होते की तुला दिसतं, आणि रोज गाडी नीट घरी येत होती, तेव्हा मलाही वाटायला लागलं की डॉक्टरच चुकला असेल. कच्चं लायसन झालं होतं. पक्क्यासाठी छिंदवाड्याला जायचा दिवसही ठरला. त्याआधी हनुमान जयंतीला जीप जामसावळीला नेऊन तिथल्या मारुतीच्या पायावर घालायची, असं मामाजींनी ठरवलं. चालवणार मी.

चैत्रातलं ऊन सकाळीच चढलेलं. मागं सासूबाई नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी नवं लुगडं नेसून स्टेअरिंगवर, ऐट काय विचारता! सौंसर मागं पडलं. डावीकडची रांग नीट चालली होती, खाली पांढरं, वर तांबडं, एकामागे एक. जामसावळीचा फाटा जवळ आला तशी रांग उजवीकडे झुकत गेली. मला वाटलं रस्ता वळतोय. मी स्टेअरिंग थोडं उजवीकडे घेतलं. मामाजी त्याच वेळी मागे वळून सासूबाईंकडून तंबाखूची डबी घेत होते.

आणि एका झाडानं खांद्यावरचा झेंडा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

पाय आपसूक ब्रेकवर गेला, क्लच राहूनच गेला, जीपनं एक गचका दिला आणि बंद पडली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. ती माणसं होती. पायी दर्शनाला निघालेली, पांढरी धोतरं नेसलेली, कमरेला भगवे गमछे बांधलेली. ओळीनं रस्ता ओलांडून फाट्याकडे वळत होती. माझ्या बोनेटपासून हातभर अंतरावर एक म्हातारा उभा होता.

म्हातारा माझ्या बाजूला आला. मला वाटलं, आता शिव्या देणार, आणि द्याव्याच. त्यानं हात जोडले. म्हणाला, आमच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही बाई, तू थांबवली, देव तुझं भलं करो. जवळच्या डबीतला शेंदूर काढून त्यानं जीपच्या कपाळावर टिळा लावला. बाकीच्यांनी जयजयकार केला आणि रांग पुढे सरकली. मामाजींना काय माहीत! त्यांची मान मागे होती. ते अभिमानानं फुलून सासूबाईंना म्हणाले, "पाह्य, माणूस पाहून गाडी उभी केली तिनं. आता छिंदवाड्याले कोन नापास करते इले?"

मी गप्प बसले असते तर कुणालाही कधी कळलं नसतं. पुढच्या आठवड्यात लायसन, मग मंडी, मग पांढुर्णा, आईचं दार. सगळं तोंडाशी आलेलं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो म्हातारा होता, हात जोडलेला. मी किल्ली काढली, खाली उतरले, गाडीला वळसा घालून मामाजींपुढे उभी राहिले.

"मामाजी, मी गाडी माणसं पाहून नाई थांबवली. मले ते झाडं वाटले."

त्यांना आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, बगीच्यातला लेप, रस्त्यावरचा चुना, डावीकडची रांग. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आवाज खणखणीत निघाला. मामाजी डबी हातात धरून ऐकत राहिले. सासूबाई मागून म्हणाल्या की मी तर पहिल्यापासून म्हणून राहिली होती, इच्या डोळ्यांचं पाहा म्हणून! मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मामाजींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी मला विचारलं, "किती दिसते तुले?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. दिसतं की नाही, एवढंच विचारायचे. किती, ते नाही. मला सांगताही येईना. इथून तिथवर, असं काहीतरी मी हातवारे करून दाखवत राहिले.

मामाजी खाली उतरले. मला म्हणाले, इथंच उभी राह्य. आणि स्वतः रस्त्याच्या कडेनं, तो दुखरा गुडघा ओढत, जीपच्या पुढच्या दिशेनं चालायला लागले. थोडं जाऊन वळायचे आणि ओरडून विचारायचे, आता? मी म्हणायची, दिसता. पुन्हा थोडं पुढे. आता? दिसता, पण नाकडोळे गेले. पुन्हा पुढे. आता हात वर केला का खाली? मी म्हटलं, कोणता हात? सासूबाई जीपमधून मान काढून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग एका ठिकाणी मामाजी थांबले, आणि त्यांचं धोतर शेजारच्या कडुलिंबाच्या चुन्यात मिसळून गेलं. कुठलं खोड आणि कुठला सासरा, मला सांगता येईना.

मी ओरडले, "मामाजी, आता तुमी झाड झाले."

मामाजी तिथंच उभे राहून जीपकडे बघत होते, असं सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. त्यांना तिथून सगळं लख्ख दिसत होतं, मी, जीप, बोनेटवरचा टिळा, आणि अंतर किती थोडं आहे तेही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "माय वं, एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. आणि सांगते, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर कळलं. कुणी मेलं नव्हतं. लायसन गेलं, मंडी गेली, पांढुर्ण्याचा तो एकटीचा रस्ता गेला, त्याचं वाईट पुढे कितीतरी दिवस वाटलं. पण आता मला कुणालाही काही पटवायचं नव्हतं.

मागून येणाऱ्या पायी लोकांत एक ट्रॅक्टर चालवणारा निघाला. त्यानं जीप देवळापर्यंत नेली आणि दर्शन झाल्यावर घरीही आणून दिली. पुढे मामाजींनी मुकाट्यानं ड्रायव्हर ठेवला. तो गाडीची वाट लावायचा, मामाजी त्याला शिव्या घालायचे, आणि दोघांचं बरं चाललं होतं. मी पुन्हा संत्र्याच्या ढिगाशी बसले. पांढुर्ण्याला बसनं जात राहिले, पाटी विचारत. फक्त आता विचारताना लाज वाटत नव्हती, सरळ सांगायची की भाऊ, मले वाचता येते, पण दिसत नाही.

आमच्या घरी मामाजी आत येण्याआधी दारातून खाकरायचे, सुनेनं पदर सावरावा म्हणून. सगळ्याच घरांत सासरे खाकरतात. त्या दिवशी रस्त्यावरून परत येताना, मला ते अजून झाडच दिसत होते तेव्हापासून, ते मोठ्यानं बोलत आले, "मी हाय सूनबाई, मी येऊन राहिलो." आणि मग ते देवाघरी जाईपर्यंत, बगीच्यात, अंगणात, दारात, ते माझ्यासाठी कधी खाकरले नाहीत. दुरूनच म्हणायचे, मी हाय, मी येऊन राहिलो.